मॅनेजर फोन उचलत नाही, तेव्हा भाडेकरूने तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी?

आपण दिलेली माहिती मी आधी एकत्र मांडतो. बेसा रस्त्यावरील एका सात मजली फ्लॅट स्कीममध्ये आपण पाचव्या मजल्यावर सोळा हजार रुपये भाड्याने राहता, घरमालक पुण्याला असतात आणि देखभालीचे दोन हजार रुपये आपण भाड्याव्यतिरिक्त थेट व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीच्या खात्यात भरता. लिफ्ट महिन्यातून अनेकदा बंद असते, एप्रिलपासून टाकी दुपारीच रिकामी होते, बाथरूमच्या छताला ओल आली आहे आणि मॅनेजर ‘उद्या माणूस पाठवतो’ यापलीकडे जात नाही. मेंटेनन्स देणे थांबवावे का, आणि त्यानेही काही झाले नाही तर घर सोडावे का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे नागपुरात अशा इमारतींची देखभाल व्यवस्थापनाच्या बाजूने सांभाळली आहे आणि आता घरमालकांना व सोसायट्यांना याच विषयात सल्ला देतो. त्यामुळे तक्रार ऐकणाऱ्याच्या खुर्चीतून ती कशी दिसते, हेही सांगू शकेन.

मॅनेजरचा आळस हा या प्रकरणाचा फक्त वर दिसणारा भाग आहे. त्याच्या कंपनीची नेमणूक इमारतीच्या व्यवस्थापन समितीने केलेली असते, तिचे बिल समिती मंजूर करते, तिला काढून टाकण्याचा अधिकारही समितीलाच असतो, आणि त्या समितीला निवडून देणारे लोक म्हणजे सदनिकांचे मालक असतात. या साखळीत भाडेकरूला मत नाही आणि कंपनीशी त्याचा करारही नाही. आपण दरमहा पैसे भरता म्हणून आपण तिचे ग्राहक आहात असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, परंतु मॅनेजरच्या वहीत ते पैसे ‘फ्लॅट क्रमांक अमुक’ या नावाने, म्हणजे मालकाच्या खात्यावर जमा होतात. म्हणून आपली तक्रार मॅनेजरला जावीच, पण तिचा खरा पत्ता घरमालकांचा असला पाहिजे. ते पुण्यात असल्याने त्यांना लिफ्टची झळ लागत नाही. ती झळ कागदावर त्यांच्यापर्यंत पोचवणे, हे पुढच्या दोन-तीन महिन्यांतील आपले मुख्य काम आहे.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. आपला करार कोणत्या प्रकारचा आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे. नागपुरात आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात, आणि अशा करारात आपण कायद्याच्या दृष्टीने ‘भाडेकरू’ नसून परवानगीने राहणारे लायसन्सधारक असता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये भाडेकरूला एक चांगला अधिकार दिलेला आहे : करारात वेगळे काही ठरले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आपल्या भाड्याच्या हिशेबाने ही मर्यादा ४८,००० रुपये होते. परंतु हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि लायसन्सधारकाने त्याच्या भरवशावर भाडे कापले तर मालकाला करारभंगाचे आयते कारण मिळते. लीव्ह अँड लायसन्समध्ये आपला आधार म्हणजे करारातील वाक्ये. तेव्हा दुरुस्ती कोणी करायची, मेंटेनन्स कोणी भरायचा, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) किती आणि नोटीस किती दिवसांची, ही चार कलमे आज रात्रीच काढून वाचा.

करार नोंदणीकृत नसेल, तर घाबरण्याचे कारण आपल्याला कमी आणि मालकाला अधिक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घर देणाऱ्यावर आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. इंटरनेटवर आदर्श भाडेकरू अधिनियम, २०२१ चा दाखला देऊन बरेच काही लिहिलेले आढळते. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आणि नागपूरच्या मालकाशी पत्रव्यवहार करताना त्याचा आधार घेतल्यास समोरचा वकील हसून बाजूला ठेवील.

दुसरी बाब इमारतीच्या संस्थेची. आपल्याकडे ‘सोसायटी’ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण प्रत्यक्षात तीन वेगळ्या स्थिती असतात. एक, सहकारी कायद्याखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था, जिच्याविरुद्ध सभासद सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाऊ शकतो. दोन, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील असोसिएशन, जी नागपुरात मोठ्या संख्येने आढळते आणि जिचा कारभार डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचे घोषणापत्र) व त्यासोबतच्या उपविधींवर, म्हणजे अंतर्गत नियमांवर, चालतो. तीन, इमारत नवी असून अजून बिल्डरच देखभाल पाहतो, ही स्थिती. बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड या पट्ट्यात ती आपल्याला भेटण्याची शक्यता बरीच आहे. या तिसऱ्या स्थितीत रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार असोसिएशनने कारभार हाती घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवणे व राखणे ही बिल्डरची जबाबदारी आहे, आणि बांधकामातील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिले तर ते त्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. तिन्ही ठिकाणी दार ठोठावण्याचा अधिकार मुख्यतः मालकाचा आहे, परंतु कोणते दार, हे आपण त्यांना सांगू शकलात तर पुण्यातील माणसाचे अर्धे काम होते. चौकीदाराच्या खोलीत लावलेल्या नोटिशीवरील शिक्का किंवा मेंटेनन्सच्या पावतीवरील नाव पाहिले तरी उलगडा होतो.

आता आपल्या तीन तक्रारी. त्या एकाच संदेशात लिहिण्याची आपली सवय आधी मोडा, कारण तिन्हींचे पैसे वेगवेगळ्या खिशांतून यायचे आहेत.

लिफ्टविषयी मी सविस्तर लिहितो, कारण बंद लिफ्टच्या मागे बहुधा मॅनेजरचा आळस नसतो. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार दोन प्रकारचा असतो : एकात सुटे भाग धरलेले असतात, तर दुसऱ्यात फक्त तेल-पाणी, तपासणी आणि कारागिराची भेट. दुसरा स्वस्त असल्याने अनेक समित्या तोच करतात. मग दरवाजाचा कॉन्टॅक्ट किंवा कंट्रोलरचे कार्ड गेले की कारागीर येतो, तात्पुरते चालू करून देतो आणि भाग बदलण्याचे दरपत्रक ठेवून जातो. ते दरपत्रक समितीच्या मंजुरीसाठी पडून राहते, दरम्यान तोच बिघाड पुन्हा होतो आणि शिव्या मॅनेजर खातो. दुसरे नेहमीचे कारण असे की करार संपलेला असतो किंवा त्याची रक्कम थकलेली असते, आणि लिफ्ट कंपनीने माणूस पाठवणे बंद केलेले असते. म्हणून ‘लिफ्ट बंद आहे, कृपया लक्ष द्यावे’ असे लिहिण्याऐवजी तीन प्रश्न विचारा : देखभाल करार आज चालू आहे का व त्यात सुटे भाग येतात का, शेवटच्या भेटीच्या अहवालात कारागिराने काय लिहिले आहे, आणि कोणते दरपत्रक कोणत्या तारखेपासून मंजुरीसाठी पडले आहे. या प्रश्नांची उत्तरे मॅनेजरकडे तयार असतात, आणि दोष समितीचा असेल तर तो ती आनंदाने देतो, कारण त्याचाही बोजा हलका होतो. लिफ्टला शासकीय परवाना व ठरावीक काळाने तपासणी लागते. तिची प्रत पाहायला मागणे यात गैर काही नाही.

पाण्याच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा हेच निम्मे उत्तर आहे. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की घरोघरी कूलर दिवसभर पाणी पितात, त्याच वेळी बोअरची पातळी खाली जाते, आणि मार्चपर्यंत पुरणारी तीच टाकी मे महिन्यात पुरत नाही. तरीही दुपारी टाकी रिकामी होण्यामागे पुष्कळदा साधे कारण निघते : मोटार चौकीदार हाताने चालू करतो आणि तो दुपारी जेवायला किंवा झोपायला गेलेला असतो, किंवा पातळीवर चालणारा स्वयंचलित स्विच बिघडलेला असून कोणी तो बदललेला नसतो, किंवा दोन मोटारींपैकी राखीव मोटार जळून पडलेली असते. टाकी किती वाजता रिकामी झाली आणि मोटार किती वाजता सुरू झाली, एवढी नोंद आठवडाभर ठेवलीत तर दोष पुरवठ्यात आहे, यंत्रात आहे की माणसात, हे त्या कागदावरूनच कळेल. संपमध्येच, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतच, पाणी येत नसेल, तर प्रश्न इमारतीबाहेरचा आहे. हद्दीप्रमाणे महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे किंवा स्थानिक नगरपंचायतीकडे तो न्यावा लागेल, आणि टँकरचा खर्च कोणाच्या डोक्यावर हे समितीने आधीच ठरवून ठेवायला हवे.

ओल हा मात्र बहुधा दोन मालकांमधला व्यवहार असतो. वरच्या सदनिकेच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल तर खर्च वरच्या मालकाने करायचा असतो आणि मॅनेजर फार तर मध्यस्थी करू शकतो. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून येत असेल तर ते सामाईक काम ठरते. फरक ओळखण्याची साधी रीत अशी की वरच्या रहिवाशांना विनंती करून दोन दिवस ते बाथरूम वापरात आणू नये, आणि मग जाळी बंद करून त्याच्या फरशीवर दिवसभर पाणी साठवून ठेवावे. डाग सुकला आणि पुन्हा ओला झाला तर स्रोत वरचाच. केवळ पावसाळ्यात वाढणारी ओल बाहेरून येते. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा व छायाचित्र घ्या. पंधरवड्याने डाग रेघेबाहेर गेलेला दिसला की वाद घालायला जागा उरत नाही. छताजवळ दिवा किंवा गीझरचा पॉइंट असेल आणि ओल तिथवर पोचली असेल, तर हा विषय रांगेत ठेवू नका. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून मालकांना त्याच दिवशी कळवा.

मेंटेनन्स थांबवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : थांबवू नका. थकबाकी आपल्या नावावर चढत नाही, ती सदनिकेवर, म्हणजे मालकावर चढते; सहकारी संस्थांच्या उपविधींत थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची तरतूद आहे, आणि ज्या एका माणसाला आपल्या बाजूने उभे करायचे आहे, त्यालाच आपण समितीपुढे थकबाकीदार म्हणून उभे करतो. समितीला तर ‘आधी पैसे भरा, मग बोला’ असे म्हणायला निमित्तच मिळते. त्यापेक्षा प्रत्येक महिन्याचे पैसे वेळेवर भरा, भरताना ‘लिफ्ट व पाण्याबाबतच्या तक्रारी प्रलंबित असून त्याबाबतची हरकत कायम ठेवून ही रक्कम भरत आहे’ असे एक वाक्य ईमेलने कळवा, आणि पावती शक्य असल्यास स्वतःच्या नावाने मागा. त्या पावतीचा उपयोग पुढे ग्राहक तक्रारीत होऊ शकतो. जाता जाता एक गोष्ट : भाड्याने दिलेल्या सदनिकेवर सहकारी संस्था जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच असू शकते आणि ते मालकाचे देणे आहे, करारात तसे ठरलेले नसताना ते आपल्याकडून वसूल होत असेल, तर बिल एकदा तपासून पाहा.

तक्रार कशी लिहावी, याकडे मी सर्वांत अधिक लक्ष द्यायला सांगतो. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली तक्रार मॅनेजर वाचतो, पण तिचे काम होत नाही. चार लोक ‘हो ना’ म्हणतात, समितीतील एखादे काका दुखावतात आणि संध्याकाळपर्यंत ती शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. मॅनेजरच्या टेबलावर रोज सकाळी डझनभर फोन असतात, आणि त्यांतून तो आधी कोणते काम उचलतो, हे मी जवळून पाहिले आहे : ज्या तक्रारीत मालकाला प्रत गेलेली आहे, जिच्यात आधीच्या तक्रारीची तारीख आहे आणि जिच्यात नेमकी मागणी आहे, ती वर जाते, कारण तीच उद्या समितीच्या बैठकीत वाचली जाण्याची भीती असते. म्हणून एका विषयाला एक ईमेल, मॅनेजरला उद्देशून, मालक आणि समितीचे सचिव यांना प्रत, अशी पद्धत ठेवा. मजकूर एवढाच पुरे :

‘महोदय, लिफ्ट आज सकाळी साडेआठपासून बंद आहे. याआधी ३ व ११ तारखेला ती बंद पडल्याचे मी कळवले होते. माझ्या घरी ज्येष्ठ व्यक्ती असून त्यांना पाच मजले चढणे शक्य नाही. देखभाल करार चालू आहे का आणि कोणता भाग बदलायचा बाकी आहे, हे येत्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती.’

यात राग नाही, विशेषणे नाहीत, धमकी नाही. फोनवर बोलणे झाले तर त्यानंतर लगेच ‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे आपण गुरुवारी कारागीर पाठवणार आहात’ असा दोन ओळींचा संदेश पाठवा. तोंडी आश्वासनाला तारीख चिकटली की ते विसरणे अवघड जाते. महिन्याअखेरीस मालकांना एकच पान पाठवा : कोणती सेवा किती वेळा बंद, केव्हा कळवले, काय उत्तर आले. त्यासोबत एक प्रत्यक्ष मागणी जोडा, उदाहरणार्थ पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा करार बदलण्याचा विषय मालकाने लेखी मांडावा. मालकाला ‘काहीतरी करा’ असे सांगितले की तो मॅनेजरला एक फोन करून मोकळा होतो. ‘या पत्रावर सही करून पाठवा’ म्हटले की सही करतो. ते पत्र आपणच लिहून द्या. आपल्या इमारतीत आणखी भाडेकरू असतील, तर त्यांच्याशी बोलून त्यांच्या मालकांकडूनही तेच पत्र जाऊ द्या. एकाच विषयावर पाच-सहा मालकांच्या सह्या आल्या की त्या समितीला बाजूला ठेवता येत नाहीत.

येथवरचे आटोपशीर सांगायचे तर : करार वाचा, संस्थेचा प्रकार ओळखा, तिन्ही तक्रारी वेगळ्या करा, पैसे हरकत नोंदवून भरत राहा आणि कागद मालकाकडे जाऊ द्या. एवढ्याने बहुतेक प्रकरणे हलतात.

न हलल्यास बाहेरची दारे आहेत, आणि त्यांतील काहींसाठी सभासद असण्याची गरज नसते. धोकादायक लिफ्टची तक्रार लिफ्ट निरीक्षकाच्या कार्यालयात कोणीही करू शकतो. आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ते अग्निशमन विभागात जमा झाले नसेल तर तेथे विचारणा करता येते. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्या कंपनीविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार नेता येते; मात्र कंपनीशी आपला थेट करार नसल्याने सेवेचा लाभ घेणारा ग्राहक म्हणून आपली बाजू मांडावी लागेल, आणि ती किती टिकेल हे पावत्या व करार पाहूनच वकील सांगू शकेल. ही दारे ठोठावण्यापूर्वी मालकांना कळवा. त्यांना बाहेरून बातमी लागली तर ते समितीच्या बाजूला सरकतात.

मालकाच्या थकबाकीसाठी किंवा तक्रारीचा राग म्हणून कोणी आपले पाणी वा वीज तोडण्याची भाषा केली, तर मात्र पायऱ्या चढत बसू नका. पुरेशा कारणाशिवाय मालकाने किंवा त्याच्या वतीने कोणी पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा सफाई बंद करणे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मना आहे. हे कलमही भाडेकरूच्या नावाने लिहिलेले असल्याने लायसन्सधारकाला दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागण्याचा मार्ग घ्यावा लागू शकतो. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी वकिलाला भेटा.

राहता राहिला घर सोडण्याचा प्रश्न. ओल आणि मोटार यांसाठी मी घर सोडायला सांगणार नाही, कारण या गोष्टी दुरुस्त होतात आणि दुसऱ्या घरी त्या नसतीलच असे नाही. परंतु घरात जिना चढू न शकणारी व्यक्ती असेल आणि पुढच्या सभेनंतरही लिफ्टच्या कराराचा निर्णय झाला नसेल, तर मी थांबणार नाही. त्या वेळी लॉक-इन संपलेला आहे का, हे पाहून कराराप्रमाणे लेखी नोटीस द्या. लॉक-इन बाकी असल्यास तोवर साठलेली महिन्याअखेरची पाने मालकांपुढे ठेवून समजुतीने सुटका मागा. अनामत रकमेत शेवटचे दोन-तीन महिने ‘फिटवून’ घेण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. मालकाची लेखी संमती नसेल तर तो मानू नका. मुदत संपल्यावरही अनामत परत मिळेपर्यंत घर अडवून ठेवणे तर मुळीच नको, कारण लीव्ह अँड लायसन्समध्ये मुदतीनंतर राहणाऱ्याकडून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, विशेषतः बाथरूमच्या छताची, तारखेसह छायाचित्रे काढा, वीजमीटरचे रीडिंग टिपून घ्या, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचे मॅनेजरकडून लेखी घ्या, आणि किल्ली स्वीकारणाऱ्याची सही असलेल्या एका कागदावर अनामत किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत करायची, हे लिहून घेतल्यावरच किल्ली हातातून सोडा.